शेवट सांगीन हं

मोंतेविदेओत, रविवारी,
त्रिस्तान नार्वाहाच्या बाजारात
काखेत थर्मास, मुठीत कडू चहाची तुंबडी,
अशी सगळी मंडळी एकाच हाताने जगतात.
त्या उरलेल्या हाताने मी खोकी उपसते.

बुटांची खोकी. वर अजून चिठ्ठी: ३८, काळा, नाडीवाला.
आत बूट नाहीत. आत
पाणबुडे, घोडेस्वार, दोन डोक्यांचे पोलीस,
चंद्रावर अडकून पडलेली टायपिस्ट,
सगळे पाठीला पाठ लावून उभे,
पिना गंजलेल्या, कडा उंदरांनी चाखलेल्या.
कुठलंही उचला, वीस पेसो.
एल्बिओ भाव कमी करत नाही.
फारच घासाघीस केली
तर चश्मा कपाळावर सरकवतो, म्हणतो,
"शेवट सांगीन हं."

मी मुकाट्याने वीस काढते.

वीस पेसोंत काय काय येतं?
मुखपृष्ठावर जांभळ्या शाईत एक नाव: ओमर, चौथी ब.
ते खोडून खाली दुसरं: हा आता माझा.
छापील किमतीवर शिक्का, शिक्क्यावर शिक्का,
नाणी बदलली, सरकारं बदलली,
खलनायक तोच.
लाल रंग रेषेबाहेर घसरलेला,
त्यामुळे नायिकेचे ओठ तिच्या गालावर,
तरी ती तितक्याच मनापासून किंचाळते.
आणि वास!
बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात
कुणी ओला स्वेटर विसरून गेल्यासारखा.

मध्येच एक चौकोनी भोक.
मागच्या बाजूचं कूपन कुणीतरी कापून नेलं,
घरपोच होकायंत्रासाठी,
आणि या बाजूला पाणबुड्याचं डोकं गेलं.
भोकातून पुढच्या पानावरचा समुद्र दिसतो.
मला राग येत नाही. मीही कापलं होतं,
आणि माझा भाऊ दारिओ आठवडाभर बोलला नव्हता.
होकायंत्र काही आलं नाही.

मी नऊ वर्षांची होते तेव्हाचा अंक सत्तेचाळीस:
पाणबुड्या तळाशी, त्याची हवेची नळी
बंदराच्या मुकादमाच्या दातांत,
आणि कोपऱ्यात ते निर्दय बारीक अक्षर,
क्रमशः.
त्याच आठवड्यात बाबांचा मांसाचा कारखाना बंद पडला.
पुढचा अंक घरी आला नाही.
मध्ये माझं लग्न झालं, मोडलं,
एका दंतवैद्याच्या वह्या मी एकतीस वर्षं लिहिल्या.
तो मात्र खाली, श्वास रोखून.

गेल्या जुलैत, थंडीने बोटं पानांना चिकटत होती,
मीच म्हटलं, "एल्बिओ, सत्तेचाळीसनंतरचं सांग.
सांगूनच टाक एकदा."
तो दचकला. चश्मा पुसला, पुन्हा पुसला.
"नळी तुटते," म्हणाला.
"पण तेव्हा त्याच्या लक्षात येतं
की इतक्या दिवसांत त्याला हवा लागतच नव्हती.
मग वर येतो. सेर्रोच्या चढावर खोली घेतो.
सायकलींची पंक्चरं काढतो.
पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून
बुडबुडे कुठून येतात ते बघत बसतो."

ऑक्टोबरात अठ्ठेचाळीस सापडला,
दुसऱ्याच एका बाईकडे, ग्रामोफोनच्या सुट्या भागांखाली.
घरापर्यंत दम निघाला नाही.
कुलूप लावलेल्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर वाचला.
पहिल्याच चौकटीत एक डॉल्फिन येतो
आणि नळी सोडवतो.
एवढंच. एक चौकट.
दुसऱ्या चौकटीत त्याचा मिशा पुसत नाश्ता.

तशीच एल्बिओकडे गेले.
"तू वाचलाच नव्हतास!"
"एकही नाही," तो म्हणाला.
"वाचले असते तर विकले असते का?"

अठ्ठेचाळीसच्या शेवटच्या पानाच्या समासात
मी पेन्सिलीने बुडबुडे लिहिले, टब, ट्यूब, सेर्रोचा चढ,
आणि अंक नाडीवाल्या खोक्यात सरकवून दिला.
अजून गेलेला नाही.
दर रविवारी आधी तोच बघते,
उभ्या उभ्या पुन्हा वाचते, फुकट,
आणि एल्बिओ तेवढा वेळ
कबुतरांकडे बघतो.